लाल गाडीची थरथर

अन्याय झाला तो उत्तम तायडे यांच्यावर. मोटार मेकॅनिक, राहणार अकोला, माझा सख्खा मामा. झाला तो नवरात्राच्या आठव्या माळेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, वलगावच्या अलीकडे एका शेतातल्या बंगल्यामागच्या आवाराच्या लोखंडी फाटकाला बाहेरून कुलूप लागलं तेव्हा. वेळ पक्की आहे. कुलपाचा खटका ऐकून मी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं होतं. पत्रकात पहिल्या ओळीत हेच द्यायचं असतं: कोणावर, कधी, कुठे. पाल्हाळ खाली. पुढे मी पत्रकंच लिहीत राहिले, आजही लिहिते, वसतिगृहातल्या अळ्या पडलेल्या वरणापासून ते सफाई कामगारांच्या हातमोज्यांपर्यंत. पण ही वरची ओळ मी याआधी एकदा छापली आहे, आणि तिच्याखाली जे छापलं ते पुरतं खरं नव्हतं. म्हणून आता पत्रक नाही, पुस्तकातलं हे प्रकरण. इथे जागा भरपूर आहे, पळवाट नाही.

अकोल्याला मी अकरावीसाठी आले. दर्यापूरकडच्या आमच्या खेड्यातून रोज जा-ये करण्यासारखी बस नव्हती, म्हणून आईने मला तिच्या भावाकडे ठेवलं. मामाचं घर म्हणजे गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या. पुढे पत्र्याचं शेड, मध्ये एक दार, आणि त्या दारातून घर गॅरेजात जायचं आणि गॅरेज घरात यायचं. सुनंदामामीच्या मिरचीच्या फोडणीने गिऱ्हाईक शिंकायचं, आणि आमच्या आंबाडीच्या भाजीला ग्रीसचा वास येतो असं मी पहिला महिनाभर सांगत होते. नंतर येईनासा झाला, म्हणजे मलाच लागला असणार. सकाळी मामीच्या भाकर थापण्याचा आवाज आणि मामाच्या हातोडीचा आवाज एकाच वेळी सुरू व्हायचा. थापण्याच्या आवाजावरून ज्वारीचं पीठ शिळं आहे हे मामा शेडमधून ओरडून सांगायचा. जेवता जेवता घास हातात तसाच धरून मान तिरकी करायचा. "सुनंदा, पंख्याची बेरिंग गेली." मामी म्हणायची, "तुमची जेवाची बेरिंग गेली, आधी खा." दोन दिवसांनी पंखा खरंच कुरकुरायला लागायचा.

मामा सातवीपर्यंत शिकलेला. इंग्रजी अक्षरं ओळखायचा, वाक्य नाही. नव्या गाड्यांची माहिती सगळी इंग्रजीत, म्हणून मी आल्यावर त्याला डोळे मिळाले आणि मला कामाचं इंग्रजी. मी मोबाइलवर पानं काढून वाचायचे, मराठीत सांगायचे, तो गाडीखालून हूं म्हणायचा. त्याने मला एकच गोष्ट शिकवली आणि ती कॉलेजात कोणी शिकवली नाही. "बाई," तो म्हणायचा, मला तो बाईच म्हणायचा, "गाडीत आवाज आला का लोक आधी सांगतात कुठून येऊन राहिला. तू आधी कुठून येत नाई ते पाय. जे नाई ते खोडत जा. शेवटी जे उरते ना, ते खोटं बोलत नाई." शेडच्या फरशीवर तो खडूने यादी लिहायचा, सुटी सुटी अक्षरं, आणि एकेक ओळ आडवी खोडत जायचा. मामीला ती फरशी रोज पुसावी लागायची. ती म्हणायची, दुसऱ्याच्या घरी रांगोळी असते, माह्या घरी हे.

लाल गाडी अमरावतीच्या एका बड्या घरची. भैयासाहेब म्हणायचे लोक मालकाला. आडनाव मी पत्रकात दिलं होतं, इथे देत नाही. दिलं की लोक आडनावावर भांडत बसतात आणि कुलूप बाजूला राहतं. दोन माणसांची, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बसकी परदेशी गाडी. आमच्याकडच्या काळ्या मातीत ती पावसाळाभर शेडमध्ये झाकून असायची, आणि उन्हाळ्यात अमरावतीच्या रस्त्यावर आधी तिचा आवाज यायचा, मग ती. तिचा क्लच गेला. नागपूरच्या वर्कशॉपने दसऱ्यानंतर बघू म्हटलं, आणि भैयासाहेबांना तर दसऱ्यालाच ती सीमोल्लंघनाला मिरवायची होती. तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितलं की अकोल्यात तायडे म्हणून एक आहे, कोणतीही गाडी उघडायला त्याचा हात कापत नाही. मामाला ही गाडी उघडायची होती. खोटं कशाला सांगू, तो हरखला होता. मामीला म्हणाला, "एकदा ही गाडी माह्या हातून चालली ना, मंग अख्ख्या वऱ्हाडात पाटी लावायची गरज नाई." मॅन्युअलचा झेरॉक्स गठ्ठा घेऊन मीही निघाले. मूर्तिजापूरच्या फाट्यावर आलुबोंडा खाल्ला. तो कागद मी चाटून टाकला होता, इतकी मजेत होते.

सहाव्या माळेला मामाने भैयासाहेबांच्या वलगावजवळच्या बंगल्यामागे, वेगळं कुंपण घातलेल्या आवारातल्या शेडमध्ये गिअरबॉक्स उतरवला. मदतीला मी आणि बंगल्याचे राखणदार गुलाबराव, पन्नाशीचे, जर्दा खाणारे, हसतमुख. सातव्या माळेला सकाळी कुरिअरने नवा क्लच आला. तो शेडमध्ये आला नाही, आधी घरात गेला. त्या घरात नवं लोखंड थेट कामाला लागत नाही. विळा असो, फाळ असो, मिक्सर असो, आधी देवघरात जातं, हळदीकुंकवाची बोटं घेतं, मग बाहेर येतं. अर्ध्या तासाने भैयासाहेबांच्या आई, मोठ्या बाई, स्वतः ताट घेऊन आल्या. ताटात क्लचची थाळी आणि प्रेशर प्लेट, म्हणजे त्या थाळीवर बसणारं घमेल्यासारखं जड गोल झाकण. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं. मामाने दोन्ही हात पुढे केले. बाईंनी ताट त्या हातांच्या बाजूने नेलं आणि ओट्यावर ठेवलं. "उचला," म्हणाल्या. आवाज गोड होता. मामाने पुढे केलेले हात पँटीला पुसले, जणू पुसण्यासाठीच पुढे केले होते.

मी सोळा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आज वाटतं, अर्धं कळत होतं आणि उरलेलं अर्धं रागाने भरून काढत होते. मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आतला फेस थिनरनं साफ कर. हळद राहिली त क्लच घसरते. बाहेरून राहू दे, त्याईची श्रद्धा हाय." मी आतला फेस, म्हणजे थाळीला टेकणारी गुळगुळीत बाजू, साफ केला. मग झाकण उलटं केलं आणि बाहेरूनही पुसायला घेतलं. सात बोटं होती. सहा फडकं लागताच गेली. सातवं कडेला होतं, बारीक, पिवळं, लोखंडात ठोकलेल्या आकड्यांच्या शेजारी. ते निघेना. हळद थिनरपुढे हट्ट करत नाही हे मला माहीत होतं. मी पुन्हा थिनर ओतलं, घासलं, शेवटी नख लावलं. पिवळी पापडी उडाली आणि माझं नख आकड्याच्या खाचेत अडकून तुटलं. बोट तोंडात घालून मी झाकण मामाकडे नेलं. कोरं, चकचकीत. कुणावर तरी सूड घेतल्यासारखं बरं वाटलं.

मामा गाडीखाली उताणा होता. इंजिनाच्या शेपटीला एक जड पोलादी चाक असतं, फ्लायव्हील. त्याला हे झाकण बोल्टांनी जखडायचं. तीन पिना असतात, त्यावर ते तीन प्रकारे बसू शकतं. मामाने चाकावर बोट ठेवलं. "बाई, इथं खूण ठोकेल हाय. याची जोडी झाकणावर असते. दिसली का तुले?"

"नाही."

"रंगाचा ठिपका, खाच, काही?"

"काहीच नव्हतं मामा."

मला नख आठवलं होतं. पण नख आठवलं असं म्हटलं असतं तर बाहेरूनही पुसलं हे सांगावं लागलं असतं, आणि बाहेरून राहू दे असं त्याने सांगितलं होतं. एवढंच कारण. एवढ्याशा कारणासाठी माणूस खोटं बोलतो, हे मी नंतर बड्या बड्या अधिकाऱ्यांच्या तोंडासमोर म्हटलं आहे; म्हणताना माझं तुटलेलं नख मला दर वेळी आठवलं आहे. मामा म्हणाला, "नव्या मालावर नसन देत आताशा," आणि तीनपैकी हाताला आली त्या जागी झाकण बसवलं.

आठव्या माळेला अकराच्या सुमारास गाडी सुरू झाली. क्लच लोण्यासारखा दबला, गिअर पडले. मामाने रेस दिली आणि गाडी थरथरायला लागली. मी दाराशी उभी होते; बाजूच्या आरशातलं माझं तोंड दोन झालं. गिअरच्या दांड्यातून एक घूं असा आवाज निघाला आणि रेस वाढेल तसा तो दातांत चढला. भैयासाहेब शेजारी बसले होते, पांढऱ्या कुर्त्यात. त्यांनी हात पुढे करून किल्ली बंद केली. खाली उतरले. ओरडले नाहीत, पत्रकात मी 'ओरडले' लिहिलं होतं.

"ओरिजनल माल कुठं टाकला, उत्तम?"

"साहेब, माल तुमच्या देवघरातून आला."

"देवघरातून आला तो ओरिजनल. गाडीत काय बसलं ते तू सांग. आईनं त्याला बोटं लावली होती. गुलाबराव म्हणतो, तुझ्या पोरीनं एकूणएक पुसली. काहून पुसली? ओळखू येऊ नये म्हणूनच ना?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. बाहेरून राहू दे असं सांगितलेलं त्याला आठवलं असणार. मला ते त्याच्या डोळ्यांत दिसलं आणि तो पुढच्याच क्षणी म्हणाला, "मीच सांगतलं होतं पुसाले. हळद राहिली त क्लच घसरते."

"बरं," भैयासाहेब म्हणाले. "दसरा परवा आहे. दसऱ्याला गाडी मला चांगली पाहिजे. नाही झाली तर मग चोरीचं काय ते ठाण्यात बोलू. तोवर तुम्ही पाहुणे." ते फाटकातून गेले आणि खटका वाजला. गुलाबरावांनी जाळीतून ओशाळं हसून सांगितलं की ढोरं शिरतात म्हणून कुलूप लावावं लागतं. त्या शेतात ढोर एकही नव्हतं, ट्रॅक्टर होता.

मी पोलिसांना फोन लावायला निघाले. मामाने मोबाइल काढून घेतला. "ते आले त आधी कोणाले विचारतीन? फाटकाबाहेरच्याले का आतल्याले?" मग मामीचा फोन आला. मामाने काम वाढलं म्हणून सांगितलं. मोबाइलच्या त्या चिमुकल्या भोकातून मला मामी स्वच्छ ऐकू आली. "तुमचा आवाज असा काहून येऊन राहिला? बेरिंग गेल्यासारखा." मामा हसला आणि त्याने फोन ठेवला. कुंपणापलीकडे कपाशी, तिच्यापलीकडे अमरावतीचा रस्ता. एसटी जाताना दिसायची. हात केला तर ड्रायव्हरला दिसेल इतकी जवळ, आणि तो थांबणार नाही इतकी लांब. कुठल्यातरी शेतात सोयाबीन मळायचं मशीन दिवसभर घरघरत होतं. जेवायला भगर आणि दाण्याची आमटी आली, ओट्यावर ठेवली गेली. आमचा उपास नव्हता. आमटी अप्रतिम होती.

दुपारभर मामाने थरथर शोधली. मी कोंडलेली माणसं पुढे पुष्कळ पाहिली. बहुतेक आपटतात, शिव्या देतात, देव आठवतात. मामाने खडू काढला. शेडच्या फरशीवर यादी लिहिली आणि गाडीच्या डॅशबोर्डवर वाटीभर पाणी ठेवलं. गाडी जागेवर उभी, न्यूट्रलमध्ये, रेस दिली. वाटीतल्या पाण्यावर कडेकडेने लाटा. "गाडी उभी हाय तरी थरथर हाय. म्हणजे चाकं नाई, ब्रेक नाई." पहिली ओळ खोडली. क्लच पायाने पूर्ण दाबून रेस दिली. क्लच दाबला की गिअरबॉक्स इंजिनापासून सुटतो. लाटा तशाच. गिअरबॉक्स खोडला, क्लचची थाळी खोडली. पट्टा काढून क्षणभर इंजिन चालवलं, म्हणजे डायनमो आणि एसीचा पंप थांबला. लाटा तशाच. ते दोन खोडले. मग इंजिन ज्या रबरांवर बसतं ती फाउंडेशनं ढिली करून, इंजिन हलवून, पुन्हा आवळली. लाटा किंचित कमी, पण होत्याच. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्याने एकेक सिलिंडर ऐकला, डॉक्टर छाती ऐकतो तसा. "हे त सारे एका सुरात हायत." खोडलं.

यादीत दोन ओळी उरल्या. फ्लायव्हील आणि झाकण. मामा उकिडवा बसून त्या दोन ओळींकडे बघत राहिला. "कंपनी दोघायले मिळून तोलते, बाई. याची जड बाजू अन् त्याची हलकी बाजू समोरासमोर. आपण भलत्या जागी बसवलं असन त जात्याच्या खुंट्याले दगड बांधल्यासारखं झालं." मी मॅन्युअलचा गठ्ठा चाळला. ते पान होतं. खुणा समोरासमोर आणा, असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. आमचं काम तीन पानं आधीच संपलं असं समजून मी ते वाचलंच नव्हतं. मी ते मामाला वाचून दाखवलं, कारण न दाखवणं आता अशक्य होतं. त्याने फरशीवर तिसरी ओळ लिहिली. 'खून?' लिहिताना ण आणि न मध्ये त्याने कधी फरक केला नाही. मी ती ओळ अंधार पडेपर्यंत ओलांडून चालले.

हिशेब साधा होता. गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवायला पूर्ण दिवस. दसऱ्याआधी दिवस एकच. झाकणाच्या जागा तीन, एक चुकलेली, उरल्या दोन. कोणती, हे झाकणावरची खूण सांगणार, आणि झाकणावर खूण नाही. चुकली जागा, तर चोर. तेही नुसता मेकॅनिक चोर नाही; तायडे चोर, हे कसं बोललं जातं ते मला शाळेपासून पाठ होतं. आणि ती जागा या जगात फक्त मला माहीत होती. कुलूप बाहेरून होतं हे खरं. पण आत, शेडमध्ये, मामासाठी आणखी एक कुलूप होतं आणि त्याची किल्ली माझ्या तोंडात होती. मी ती रात्रभर तोंडातच ठेवली.

नवव्या माळेला सकाळी मामा हौदावर दात घासत होता. मी मागे जाऊन उभी राहिले.

"मामा, सातवं बोट हळदीचं नव्हतं."

त्याने चूळ भरली. टाकली. पुन्हा भरली.

"कुठं होतं?"

"आकड्यांच्या शेजारी. कडेला. निघेना म्हणून नखानं काढलं."

"कोणत्या आकड्यापाशी?"

"शेवटच्या. आठ. आठच्या खाचेत नख तुटलं."

त्याने माझा हात धरून ते बोट उजेडाकडे केलं आणि नीट पाहिलं, जणू तोही गाडीचा एखादा भाग होता. "चाल," म्हणाला.

दिवसभर तो माझ्याशी फक्त पान्यांच्या नंबरात बोलला. चौदा. सतरा. दहाचा, लांब. गुलाबराव कुलूप उघडून मदतीला आत आले आणि येताना फाटक आतून लावून घेतलं, म्हणजे त्यांनाही हुकूम असणार. गिअरबॉक्स खाली आला. झाकण सुटलं. मामाने भिंग घेऊन आठच्या शेजारी पाहिलं. खाचेच्या तळाशी पिवळ्या रंगाचा एक कण राहिला होता, तिळाच्या टोकाएवढा. त्याने तो मला दाखवला नाही, गुलाबरावांना दाखवला. मग म्हणाला, "गुलाबराव, मोठ्या बाईले म्हणा, या सामानाचा खोका द्या." खोका देवघरातच होता, टाकला नव्हता. त्यावर छापलेला नंबर आणि झाकणावर ठोकलेला नंबर तंतोतंत एकच होता, शेवटी आठ. गुलाबरावांनी दोनदा वाचला आणि जर्द्याची पिचकारी न टाकता गिळली.

दसऱ्याला सकाळी गाडी सुरू झाली. वाटीतलं पाणी आरशासारखं होतं. मामाने रेस वाढवली, वाढवली, पाणी नुसतं कडेशी शहारलं आणि थांबलं. भैयासाहेब वाटीकडे बघत होते. खोक्याचा नंबर त्यांनी पाहिला होता. "माल ओरिजनलच आहे तर," ते म्हणाले. "मग भानगड काय होती?"

मी तोंड उघडलं. मामा म्हणाला, "बाई, पाने भर." मग त्यांच्याकडे वळून, "खूण पुसल्या गेली होती साहेब. माह्याकून."

भैयासाहेब मोकळं हसले. दयाळू हसू होतं ते. "म्हणजे चोर नाही, अडाणी." त्यांनी गुलाबरावांकडे बघून हात केला आणि फाटक उघडलं. मी पाने भरत होते. दहाचा पाना पेटीत नीट बसत नव्हता आणि मी तो दोन-तीनदा काढून पुन्हा बसवला.

तो शब्द गाडीच्या आधी अमरावतीला पोहोचला आणि तिथून अकोल्याला. तायडेनं दोनदा उघडली तेव्हा बसली. तायडेले खूण समजत नाई. भैयासाहेबांनी ते चिडून सांगितलं नाही, गंमत म्हणून सांगितलं, म्हणून ते टिकलं. मोठ्या गाड्या यायच्या थांबल्या, मग लहानही. मी बारावी होईपर्यंत अकोल्याचं शेड गेलं आणि मामा-मामी मूर्तिजापूरला गेले. तिथे मामा आजही दुचाकी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो. पंपाला आवाजच एक असतो, मामी म्हणते, त्याचे कान वाया चालले. त्याने माझं नाव का घेतलं नाही हे मी एकदाच विचारलं. म्हणाला, "हळदीच्या रागानं बौद्धाच्या पोरीनं गाडी बिघडवली, असं झालं असतं ते. मंग गाडी राहिली बाजूले. अन् तुह्या शिकाची त तवा नुसती सुरुवात होती."

अमरावतीला कॉलेजात गेले त्या वर्षी मी आयुष्यातलं पहिलं पत्रक काढलं. गुलाबी कागद, एका बाजूला छापलेलं. 'वलगावच्या कुलपाचा जाब द्या.' मामाचं नाव, माळ, वेळ, फाटक, ओट्यावरचं ताट, सगळं होतं. झाकणाची खूण 'पुसली गेली' एवढंच होतं. कोणी पुसली ते नव्हतं. मला वाटलं, ते दिलं तर भैयासाहेबांकडचे म्हणतील, बघा, चूक तुमचीच. पत्रक गाजलं. लोक मला ओळखू लागले, सभेत बोलवू लागले. मी एक प्रत मूर्तिजापूरला नेली. मामाने चहा पिता पिता ती वाचली, ओठ हलवत, अक्षर न् अक्षर. घडी घालून परत दिली. "सारं खरं हाय," म्हणाला. "पण तू खोडलं काहीच नाई, बाई. जिथून आवाज येत होता तेच सोडलं."

कुलूप अन्याय होतं. ताट अन्याय होतं. पाहुणे म्हणून कोंडणं अन्याय होतं, आणि चोर ठरवून मग दयेने अडाणी ठरवणं हा तर सगळ्यात मोठा. यातली एकही ओळ मी मागे घेत नाही. भैयासाहेबांनी जाब अजून दिलेला नाही आणि मी तो मागत राहणार. पण उत्तम तायडे यांच्या हाताला खूण समजत नाही हे खोटं आहे. त्या हाताने विचारलं होतं, दोनदा. खोटं उत्तर मी दिलं. माझ्या पत्रकाने मला नाव दिलं, आणि त्याचं अडाणी हे नाव तसंच राहू दिलं.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते मागणंच आहे, विनंती नाही. ते गुलाबी पत्रक वऱ्हाडात खूप घरांत गेलं. कुठे जुन्या वह्यांत असेल, कुठे फळीवर डब्यांखाली अंथरलेलं असेल. ते काढा. मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर लिहा: खूण भाचीने पुसली, विचारल्यावर खोटं बोलली, मेकॅनिकची चूक नव्हती. पत्रक नसेल तर कुठल्याही कागदावर लिहा. मग मूर्तिजापूरला जा, फवारणीचे पंप दुरुस्त करणारा तायडे कुठे बसतो ते कोणीही सांगेल, आणि तो कागद त्याला द्या. त्याचे हात ग्रीसने भरलेले असतील. तो म्हणेल, ठेवा तिथं. ठेवू नका. हातात द्या.